वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी आणि मेडिक्लेम: ओपीडीच्या पहिल्या कागदापासून लोकपालापर्यंत

बेरियाट्रिक (वजन कमी करण्याच्या) सर्जरीने, आहार-व्यायामाने किंवा अलीकडे मौंजारो-वेगोव्हीसारख्या इंजेक्शनांनी ज्यांचं चाळीस-पन्नास किलो वजन उतरलं, त्यांच्यापैकी अनेकांची एक अडचण वजन उतरल्यावरच सुरू होते. पोटाची कातडी खाली लोंबते आणि परत आवळून येत नाही. व्यायामाने स्नायू घट्ट होतात, पण वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले लवचीक तंतू तुटलेले असतात, त्यांना व्यायाम जोडू शकत नाही. मग बेंबीखाली घडी पडते. तिथे घाम साचतो, पुरळ येते, कातडी सोलवटते, वास येतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा लागला की हे लोक अक्षरशः हैराण होतात.

हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर बसून मी हे क्लेम पाहत आले आहे. बहुतेक जण सर्जरीची तारीख ठरवून मगच आमच्याकडे येतात आणि विचारतात, "मेडिक्लेममध्ये बसेल ना?" तोवर उशीर झालेला असतो. या क्लेमचा निकाल आधीच्या चार-सहा महिन्यांत त्वचारोगतज्ज्ञाच्या ओपीडीत काय लिहिलं गेलं यावर लागतो. म्हणून सर्जरीचा नुसता विचार मनात आला असेल, तरी कामाला आजच लागा.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. कातडी सैल आहे, पण खाली काही आजार नाही, तर भारतातली आरोग्य विमा पॉलिसी पैसे देणार नाही. त्यात तुमचा दोष नाही आणि तुमचा त्रास खोटाही ठरत नाही, पण क्लेम बसत नाही. घडीत वारंवार संसर्ग होत असेल, जखमा भरत नसतील, तर मात्र दार उघडं आहे. ते अरुंद आहे, आणि हा लेख त्या दाराबद्दल आहे.

आधी पॉलिसीतलं एक कलम काढा

पॉलिसीत काय वगळायचं याची भाषा आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने 2019 मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी सारखी केली. त्यामुळे तुमची पॉलिसी कुठल्याही कंपनीची असो, वगळलेल्या गोष्टींच्या यादीत 'कोड एक्सक्ल 08' असं लिहिलेलं कलम सापडेल. त्याचा अर्थ असा: रूप बदलण्यासाठी केलेल्या कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही. अपवाद दोन. पहिला, अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना. दुसरा, विमाधारकाच्या आरोग्याला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करण्यासाठी लागणारा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार. ही गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरने लेखी प्रमाणित केलेली हवी.

आपल्याला या दुसऱ्या अपवादात बसायचं आहे. 'थेट', 'तात्काळ', 'आवश्यक' आणि 'डॉक्टरचं प्रमाणपत्र' हे चार शब्द पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा. पुढचा प्रत्येक कागद या चारांपैकी कशाला तरी आधार देणारा हवा.

त्याच यादीत 'एक्सक्ल 06' आहे, लठ्ठपणावरच्या सर्जरीचं. त्यात वय किमान 18, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 40 किंवा त्याहून जास्त, किंवा 35 आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया, आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह यांसारखा गंभीर आजार, अशा अटी आहेत. पुष्कळदा टीपीएकडून (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून) क्वेरी येते की पेशंटचा बीएमआय 27 आहे, अट पूर्ण होत नाही. याचं उत्तर तयार ठेवा: ही सर्जरी वजन कमी करण्याची नाही, वजन आधीच उतरलेलं आहे, उपचार त्वचेच्या आजारावर आहे, म्हणून 06 इथे लागू होत नाही. हे वाक्य सर्जनच्या पत्रातही असू द्या.

मग वेटिंग पीरियड बघा. आधीपासूनच्या आजारांसाठी तो पूर्वी 4 वर्षांपर्यंत असू शकत होता. 1 एप्रिल 2024 पासून जास्तीत जास्त 3 वर्षं. पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल, तर त्यानंतर कंपनीला 'तुम्ही माहिती लपवली' असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच येतो. नवी पॉलिसी घेत असाल तर बेरियाट्रिक सर्जरी झाल्याचं, इंजेक्शनं चालू असल्याचं प्रपोजल फॉर्ममध्ये लिहा. "ते लिहू नका, उगाच अडकेल" असं सांगणारा एजंट पुढे क्लेमच्या वेळी फोन उचलणार नाही. कंपनी बदलायची असेल तर पोर्टेबिलिटी वापरा, म्हणजे भरलेला वेटिंग पीरियड वाया जात नाही. अर्ज नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान 45 दिवस आधी जायला हवा.

नोकरीतली ग्रुप पॉलिसी असेल तर तुम्ही थोडे नशीबवान. तिथे वेटिंग पीरियड बहुधा माफ असतो आणि काही कंपन्यांकडे कॉर्पोरेट बफर म्हणून वेगळी रक्कम असते. एचआरला लाजू नका. फक्त "त्वचेच्या वारंवार संसर्गासाठी सर्जरी सुचवली आहे, पॉलिसीच्या अटींची पूर्ण प्रत हवी" एवढं मेलवर मागा. एचआर जी दोन पानांची माहिती फिरवतं, त्यावर विसंबू नका, मूळ अटी मागा.

सर्जरीचं नाव काय लिहिलं जातंय

लोक सरसकट 'टमी टक' म्हणतात. विम्याच्या कागदावर हा शब्द आला की फाइल तिथेच थांबते. पॅनिक्युलेक्टॉमी आणि ॲब्डॉमिनोप्लास्टी या दोन वेगळ्या सर्जरी आहेत. पॅनिक्युलेक्टॉमीत खाली लोंबणारा कातडी-चरबीचा पदर कापून काढतात. बाकी काही घट्ट करत नाहीत. ॲब्डॉमिनोप्लास्टी म्हणजेच टमी टक. तिच्यात पोटाचे स्नायू शिवून आवळतात, बेंबी नव्या जागी बसवतात, कंबर आकारात आणतात. पहिलीला वैद्यकीय गरजेचा आधार मिळू शकतो, दुसरीला जवळजवळ कधीच मिळत नाही.

सर्जनला थेट विचारा: माझ्या त्रासासाठी यातली कोणती पुरेशी आहे? दोन्ही हव्या असतील तर पहिलीचा खर्च क्लेममध्ये आणि दुसरीचा स्वतःच्या खिशातून, असं एस्टिमेट दोन भागांत लेखी घ्या. प्रत्यक्षात टमी टक करून कागदावर पॅनिक्युलेक्टॉमी लिहायची, हे कुणी सुचवलं तरी करू नका. ऑपरेशन नोट्स कंपनी मागवते. त्यात स्नायू शिवल्याची एक ओळ दिसली की क्लेम तर जातोच, फसवणुकीच्या कारणाने पॉलिसीही रद्द होऊ शकते.

पदर किती लोंबतो याचीही श्रेणी असते आणि ती पत्रात हवी. श्रेणी 1 म्हणजे तो जघनभागापर्यंत येतो, 2 म्हणजे जननेंद्रियं झाकून मांडीच्या वरच्या घडीपर्यंत, 3 म्हणजे मांडीच्या वरच्या भागावर, 4 मांडीच्या मध्यापर्यंत, 5 गुडघ्यापर्यंत किंवा खाली. श्रेणी 1 चा क्लेम मंजूर होणं कठीण असतं. 2 आणि पुढे, सोबत संसर्गाची नोंद असेल, तर बोलायला जागा असते.

वजन थांबलंय हे दाखवा

सर्जन साधारणपणे बेरियाट्रिक सर्जरीनंतर वर्ष-दीड वर्ष जाऊ देतात आणि त्यात शेवटचे सहा महिने वजन स्थिर असावं असं बघतात. कारण सरळ आहे. वजन आणखी उतरलं तर कातडी पुन्हा सैल पडते. दर महिन्याला एकाच ठिकाणी, एकाच काट्यावर वजन करा आणि ते ओपीडीच्या कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्या. घरच्या वहीतली नोंद कंपनी धरत नाही. इंजेक्शनवर असाल तर डोस स्थिर असतानाचं वजन धरलं जावं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल आवर्जून सांगा, कारण या औषधांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो.

याच काळात हिमोग्लोबिन, लोह, बी12, डी जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिन तपासून घ्या. बेरियाट्रिकनंतर प्रथिनं कमी पडलेली असतील तर एवढी लांब जखम नीट भरत नाही. तंबाखू, सिगारेट, मिश्री सर्जरीच्या किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद. मूल हवं असेल तर सर्जरी बाळंतपणानंतरच्या काळावर ढकलणं शहाणपणाचं.

खरं काम: त्वचारोगतज्ज्ञाच्या ओपीडीचे कागद

आमच्याकडे आलेल्या एका बाईंचं सांगते. ऑफिसला निघताना त्या जुन्या सुती साडीचे हातभर तुकडे पोटाच्या घडीत ठेवायच्या. दुपारच्या डब्याआधी एकदा, चार वाजता एकदा, आणि लोकलला जाण्यापूर्वी एकदा ते बदलायच्या. ओले तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये. घडीच्या तळाशी बोटभर लांबीची भेग होती, ती कधी सुकायची, कधी चिघळायची. दोन वर्षं हे चाललं होतं. आणि त्यांच्या फाइलमध्ये एकच कागद होता. त्यावर लिहिलं होतं: 'पोटाची कातडी सैल. प्लास्टिक सर्जनचं मत घ्यावं.' त्या एका ओळीवर कुठलाही क्लेम पास होणार नव्हता, आणि तो झालाही नाही.

त्या दोन वर्षांत त्यांनी औषधं घेतली नव्हती असं नाही. पण ती मेडिकलमधून परस्पर आणली होती. ही आपल्याकडची फार मोठी अडचण आहे. दुकानदार जी ट्यूब देतो, तिच्यात बहुधा बुरशीच्या औषधासोबत जोरकस स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी आणखी पसरते आणि कातडी पातळ होते. शिवाय त्या उपचाराची कुठे नोंद होत नाही. कंपनीच्या दृष्टीने तुम्ही दोन वर्षं काहीच केलेलं नसतं. तेव्हा आजपासून एकही मलम प्रिस्क्रिप्शनशिवाय आणायचं नाही.

त्वचारोगतज्ज्ञाकडे पुरळ उठलेली असतानाच जा. लोक उलट करतात. डॉक्टरांना दाखवायची लाज वाटते म्हणून आधी घरी पावडर लावून, सुकवून मग जातात, आणि कागदावर येतं, 'सध्या पुरळ नाही'. जसं आहे तसं दाखवा. नंतरही किमान तीन महिने, दर तीन-चार आठवड्यांनी जात राहा. प्रत्येक कागदावर पुढच्या गोष्टी आल्या आहेत का, हे तिथेच उभं राहून वाचा:

– पुरळ नेमकी कुठे आहे आणि किती सेंटिमीटर
– कशी दिसते: लाली, ओल, भेगा, व्रण, पू, वास
– बुरशीसाठी केओएच तपासणी किंवा कल्चर केलं असेल तर त्याचा निकाल
– काय दिलं, किती दिवस, आणि त्याने काय झालं
– पुन्हा उठली तर 'पुन्हा उठली' हे शब्द आणि कितव्यांदा

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. उपचार केला, बरं झालं, तो थांबवल्यावर पुन्हा झालं, कारण घडी तिथेच आहे: हा क्रम तारखांसह दिसला की सर्जरीची गरज वाचणाऱ्याला आपोआप पटते. डॉक्टरांना निदान नावाने लिहायला सांगा, जसं इंटरट्रायगो (घडीतली पुरळ), कँडिडायसिस (बुरशीचा संसर्ग), सेल्युलायटिस (कातडीच्या आत उतरलेला संसर्ग). 'स्किन रॅश' एवढंच नको. आयसीडी कोडही (आजारांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) लिहिले तर उत्तम: इंटरट्रायगोसाठी एल 30.4, त्वचेच्या कँडिडायसिससाठी बी 37.2, धडावरच्या सेल्युलायटिससाठी एल 03.3.

घरी तुम्ही काय करता तेही सांगा. दिवसातून दोनदा धुणं, कोरडं करणं, सुती कापड ठेवणं, झिंक ऑक्साइडचं मलम लावणं, हे सगळं केसपेपरवर आलं पाहिजे. 'स्वच्छता ठेवली तर सर्जरीची गरज नाही' असा शेरा कंपनीचे डॉक्टर मारतात, त्याला उत्तर म्हणून ही नोंद उपयोगी पडते.

मधुमेह असेल तर एचबीए1सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट सोबत ठेवा. पुरळ वाढलेल्या साखरेमुळे आहे, कातडीमुळे नाही, असा आक्षेप हमखास येतो. साखर आटोक्यात असूनही पुरळ उठतेय हे रिपोर्टवरून दिसलं की तो आक्षेप गळून पडतो.

कधी घडीतला संसर्ग आत उतरतो. कातडी लाल, गरम, कडक होते, ताप भरतो, थंडी वाजते. हे सेल्युलायटिस आहे, यात वाट बघायची नसते, सरळ कॅज्युअल्टीत जा. ॲडमिट होऊन सलाइनमधून अँटिबायोटिक घ्यावं लागलं तर तो स्वतंत्र क्लेम असतो, आणि वेटिंग पीरियडसारखी दुसरी अडचण नसेल तर तो सहसा मिळतो. त्या डिस्चार्ज समरीत 'पोटाच्या लोंबत्या कातडीखालील घडीत झालेला सेल्युलायटिस' असं कारणासह लिहून घ्या. 'थेट आणि तात्काळ धोका' दाखवायला याहून भक्कम कागद नाही.

पाठदुखी, चालताना कातडी आपटणं, लघवीनंतर स्वच्छता ठेवता न येणं, हे त्रासही फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टरांकडून नोंदवून घ्या. पण त्यांच्यावर क्लेम उभा करू नका. माझ्या अनुभवात फक्त पाठदुखीवर आलेला क्लेम टिकत नाही, संसर्गाच्या जोडीला ती चालते.

फोटो

फोटो लागतात, आणि बायकांना ते सगळ्यात जड जातं, याची मला पूर्ण कल्पना आहे. ते सर्जनच्या क्लिनिकमध्येच काढून घ्या, बाई असाल तर नर्ससमोर. चेहरा येऊ देऊ नका. उभं राहून समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि पदर हाताने वर उचलून घडीतली पुरळ दिसेल असा एक. शेजारी मोजपट्टी, फोटोवर तारीख. पुरळ पुन्हा उठली की पुन्हा फोटो, म्हणजे तारखांचा क्रम तयार होतो. हे फोटो एजंटला व्हॉट्सॲपवर पाठवायचे नाहीत. हॉस्पिटलकडून टीपीएच्या अधिकृत पोर्टलवर किंवा कंपनीच्या मेलवरच जाऊ द्या.

सर्जनचं पत्र

सर्जनचा वेळ कमी असतो, म्हणून मुद्दे लिहून घेऊन जा. पत्र हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबरसह हवं. मजकूर साधारण असा:

'रुग्णाचं वजन 118 किलोवरून 71 किलो झालं असून गेले सात महिने ते 70 ते 72 किलोच्या दरम्यान स्थिर आहे. पोटावरील पॅनस (लोंबणारा पदर) श्रेणी 2 चा आहे. त्याखालील घडीत गेल्या पाच महिन्यांत चार वेळा इंटरट्रायगो आणि एकदा सेल्युलायटिस झाला. त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली बुरशीविरोधी मलम, तोंडावाटे औषधं आणि रोजची स्वच्छता करूनही संसर्ग पुन्हा होत आहे. यामुळे रुग्णाच्या आरोग्याला थेट आणि तात्काळ धोका आहे. तो दूर करण्यासाठी पॅनिक्युलेक्टॉमी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. ही शस्त्रक्रिया रूप सुधारण्यासाठी नाही, तसंच लठ्ठपणावरील उपचारही नाही.'

यातले आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे घाला. पत्रातली प्रत्येक संख्या जोडलेल्या कागदांशी जुळली पाहिजे. पत्रात चार वेळा आणि केसपेपर दोनच, असं झालं की संशय तिथूनच सुरू होतो. त्वचारोगतज्ज्ञाचंही अर्ध्या पानाचं पत्र जोडा: 'औषधोपचार पुरेसा ठरलेला नाही.' हे दुसऱ्या डॉक्टरने स्वतंत्रपणे लिहिलेलं असल्याने त्याला वजन असतं.

आणि पूर्वी बेरियाट्रिकचा क्लेम याच कंपनीने मंजूर केला असेल, तर त्याचा क्लेम नंबर पत्रात येऊ द्या. तेवढ्याने नवा क्लेम मंजूर होत नाही, पण वजन उतरणं वैद्यकीय उपचाराचा भाग होतं हे कंपनीला नाकारता येत नाही.

प्री-ऑथ (सर्जरीआधी मंजुरीची विनंती) पाठवताना

आयआरडीएआयच्या 2024 च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय कळवायचा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असा नियम आहे. पण अशा सर्जरीत क्वेरी येणारच. म्हणून ॲडमिशनच्या आदल्या दिवसावर न ठेवता आठवडाभर आधी पूर्ण फाइल पाठवा. त्याच वेळी कंपनीच्या ग्राहकसेवेला स्वतःच्या मेलवरून लिहा आणि लेखी उत्तर मागा. फोनवर मिळालेल्या 'होईल मॅडम' या आश्वासनाचा पुढे काही उपयोग होत नाही.

बिलाबद्दल दोन गोष्टी डेस्कवरच्या माणसाशी आधी बोला. पहिली जीएसटीची. आरोग्यसेवेवर सहसा जीएसटी नसतो, पण कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीवर 18 टक्के लागतो. सूट आहे ती जन्मजात दोष, वाढीतले दोष, इजा यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करण्याच्या सर्जरीला. हॉस्पिटलने बिलावर जीएसटी लावला, की कंपनी म्हणते, 'हॉस्पिटल स्वतःच कॉस्मेटिक मानतंय.' कर चुकवा असं मी सांगत नाही. तुमची सर्जरी कुठल्या प्रकारात बसते हे हॉस्पिटलच्या अकाउंट्सने सर्जनच्या पत्राच्या आधारे आधीच ठरवावं, म्हणजे डिस्चार्जच्या दिवशी धक्का बसत नाही.

दुसरी हर्नियाची. मोठं वजन उतरलेल्या पुष्कळ जणांना बेंबीचा किंवा जुन्या टाक्यांचा हर्निया असतो. सोनोग्राफीत खरोखर हर्निया असेल तर त्याची दुरुस्ती वेटिंग पीरियड संपल्यावर सहसा मिळते, आणि ती याच भुलीखाली करता येते. दोन्हींचा खर्च बिलात वेगळा दाखवा. मग कातडीचा भाग नाकारला तरी हर्नियाचा अडकत नाही. नसलेला हर्निया दाखवण्याचा सल्ला मिळाला तर तिथून उठा.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम कायमचा गेला असं नाही. खर्च करून नंतर रीइम्बर्समेंट मागता येतं, पॉलिसीत दिलेल्या मुदतीत. पैसे उभे करण्याआधी मात्र मनाशी धरून चाला की ते परत मिळतीलच असं नाही. दागिने गहाण टाकून, परताव्याच्या भरवशावर ही सर्जरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्जरीनंतर ड्रेसिंग, जखमेखाली साचलेलं पाणी काढणं, औषधं यांची बिलं जपा. बहुतेक पॉलिसींत ॲडमिशनच्या आधीचे 30 आणि डिस्चार्जनंतरचे 60 दिवस धरलेले असतात. पोटाला बांधायच्या पट्ट्याचा खर्च मात्र बऱ्याचदा कापला जातो.

नकार आला तर

नकार लेखी मागा. कुठल्या कलमाखाली नाकारलं हे कंपनीने स्पष्ट लिहिलं पाहिजे, आणि मास्टर सर्क्युलरप्रमाणे कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. पत्रात नुसतं 'कॉस्मेटिक, एक्सक्ल 08' असेल तर उत्तर सोपं आहे: त्याच कलमातल्या अपवादाचा विचार केल्याचं पत्रात कुठेच दिसत नाही, डॉक्टरचं प्रमाणपत्र कोणत्या वैद्यकीय कारणाने अमान्य केलं ते कळवावं. शांत भाषेत लिहा, कागदांची यादी जोडा. रागाचं पत्र वाचणाऱ्याला मुद्दा सापडत नाही.

हे पत्र कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला पाठवा. उत्तरासाठी दोन आठवडे असतात. समांतरपणे आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 या नंबरवर तक्रार नोंदवा आणि टोकन नंबर जपून ठेवा.

महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. मुंबई आणि पुणे इथे कार्यालयं आहेत, तक्रार ऑनलाइनही करता येते. फी नाही, वकील लागत नाही, उलट वकील चालतच नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं, आणि दावा 50 लाखांपर्यंतचा असू शकतो. सुनावणीत तुम्हाला बोलायला थोडाच वेळ मिळतो, म्हणून एका पानावर तारखांचा तक्ता न्या: वजन कधी थांबलं, पुरळ कधी कधी उठली, औषध काय, ॲडमिशन कधी. लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. निवाडा आल्यावर कंपनीने 30 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर दिवसाला 5,000 रुपये दंड तक्रारदाराला द्यावा लागतो.

तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. पॉलिसीतल्या कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर विमाधारकाच्या बाजूचा अर्थ धरायचा, आणि वगळण्याचं कलम लागू होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, ही तत्त्वं आपल्या न्यायालयांनी वारंवार मान्य केली आहेत. ती अर्जात लिहा.

ज्यांचा क्लेम बसतच नाही

दंड, मांड्या, छाती यांवरच्या सैल कातडीचा क्लेम मंजूर होणं फारच दुर्मीळ. पॉलिसीच नसेल किंवा नकार अंतिम झाला असेल, तर सरकारी आणि महापालिका मेडिकल कॉलेजांच्या प्लास्टिक सर्जरी विभागांत जा: मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे., पुण्यात ससून. रांग मोठी असते आणि तिथे भाजलेले, अपघातातले रुग्ण आधी घेतले जातात, ते योग्यच आहे. पण संसर्गाची फाइल तयार असेल तर तिथल्या डॉक्टरांनाही तुमची निकड लवकर कळते, आणि खर्च खासगीच्या तुलनेत फार कमी येतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एवढंच: तिथे अनेक विमा कंपन्या पॅनिक्युलेक्टॉमीसाठी स्वतःची लेखी वैद्यकीय धोरणं प्रसिद्ध करतात. पदर प्युबिक हाडापर्यंत किंवा खाली येणं, किमान तीन महिने उपचार करूनही पुरळ राहणं, सहा महिने स्थिर वजन, या अटी त्यांत साधारण आढळतात. आपल्या कंपनीचं धोरण डाउनलोड करा आणि सर्जनच्या ऑफिसला 15830 हा प्रोसिजर कोड टाकून प्री-ऑथरायझेशन मागायला सांगा. ब्रिटनमध्ये एनएचएसकडे जीपीमार्फत वैयक्तिक निधीची विनंती करता येते, आणि तिथेही पहिला प्रश्न असतो तो पुरळीच्या नोंदींचाच.